मीठ चाखणारी

आधारगृहात आल्यावर माझ्या मुलीचं सगळ्यांनी कौतुक केलं. आठ वर्षांची पोर, पण स्वयंपाक झाला की न बोलावता गॅसपाशी यायची, तळहातावर भाजीचा रस घ्यायची, चाटायची आणि मान डोलवायची. "कितनी होशियार बच्ची है," अधीक्षिका मॅडम म्हणायच्या. मी ऐकून घ्यायचे. नवऱ्याचं घर सोडल्यापासून मला काही वाटेनासंच झालं होतं. वाढलं की खायचं, दिवे मालवले की आडवं व्हायचं.

आमच्यासोबत चिचगडकडच्या एक आजी राहायच्या. त्या एकदा करवादल्या, "काऊन वो पोरी, साऱ्याइचं अन्न उष्टं कायले करून राहिली?"

पोरीनं खाली बघून सांगितलं, "मीठ चुकलं का बाबा ताट फेकते. मंग मायले मारते."



हे तिला मी शिकवलं नव्हतं. ती आपणच शिकली होती. घरी ती चाखून खूण करायची, मी मीठ नाहीतर पाणी घालायचे. मायलेकींचं बोलणं म्हणून तेवढंच उरलं होतं.

आजींनी ही गोष्ट समुपदेशक ताईंच्या कानावर घातली. ताई म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा तुम्ही दोघींनीच रांधायचं, दोघींनीच जेवायचं. पण आधी चाखायचं नाही. होईल तसं खायचं." मनात आलं, शहाण्याच आहेत बाई, मेलेल्या माणसाला स्वयंपाक सांगतात. पण हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जीव लागतो.

पहिल्या वेळी पोर कढईपासून हलेना. ताईंनी तिला हळूच मागे घेतलं, तर ती जेवलीच नाही. दुसऱ्या वेळी जेवली, पण डोळे सगळा वेळ माझ्या तोंडाकडे. ही अशीच जन्मभर दुसऱ्याच्या ताटातलं मीठ चाखत बसणार, हे मला दिसत होतं. काळजी वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग काही आठवड्यांनी, आमच्या रांधण्याच्या दुपारी मी लाखोरीची डाळ केली. लक्ष ठिकाणावर नव्हतं, मीठ दोनदा पडलं. पोर अंगणात लंगडी खेळत होती. हाक मारल्यावर आली, घास घेतला आणि थुंकली.

"जहर रांधून ठेवलं!"

शब्द बापाचे, आवाजाची पट्टीही बापाची. माझ्या पाठीला घाम फुटला. आपण काय बोललो ते तिलाही कळलं असावं. तिनं दोन्ही हातांनी ताट गच्च धरलं, कुणी फेकू नये म्हणून.

"खारट झाली खरी," मी म्हटलं. "भात जास्त घे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं भात जास्त घेतला, कालवला आणि कुरकुरत खाल्ला. "दुसऱ्या खेपेले बराबर रांधजो वो माय," म्हणाली, आणि उष्टं ताट तिथंच टाकून खेळायला पळाली.

खारट डाळीला भात जास्त घ्यायचा. एवढंच करायचं असतं. आणि त्यासाठी मी इतकी वर्षं मार खाल्ला. ताट उचलायला वाकले ती तिथंच खाली बसले, आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा रडले.