वाटे पाडणाऱ्याची चिठ्ठी

बेटावरचं ड्रुइमवोरचं मेंढ्यांचं अफाट कुरण सरकारने जमीनदाराकडून एकदाचं सोडवून घेतलं आणि बारा अर्जदारांसाठी त्याचे बारा वाटे करायचं ठरलं, तेव्हा आखणीसाठी सगळ्यांनी एकमुखाने त्यांच्यातल्याच टॉर्मोडचं नाव घेतलं. यात मान होता, तशी मेखही होती. बेटावरची रीतच अशी की वाटे पाडणाऱ्याने चिठ्ठी सर्वांत शेवटी उचलायची. लढाईवरून परतल्यापासून टॉर्मोड आणि त्याची बायको शोनाग त्याच्या भावाच्या गोठ्यात, पडद्याआड संसार करत होते. मिळेल त्या वाट्यावर पोट भरलं तर ठीक, नाहीतर गाव सोडून कॅनडाची बोट धरायची.

"जीव काढून मोजतोयस, आणि उरलंसुरलं आपल्याच पदरात पडणार," शोनाग करवादली.

"म्हणूनच मोजतोय ना, बाई! उरलेलं खाता आलं पाहिजे."

तीन आठवडे तो काठी आणि फावडं घेऊन फिरला. हातहातभर खणून माती बोटांत चोळून पाहिली. दलदलीच्या वाट्यांना रुंदी जास्त दिली, खडकाळ वाट्यांना किनारा जोडून दिला, म्हणजे खताला समुद्रातलं शेवाळ हाताशी.

वाटपाच्या दिवशी चिठ्ठ्या गावातल्या ऊना म्हातारीच्या लोकरीच्या टोपलीतून निघाल्या. शेवटी उरलेली टॉर्मोडने उघडली. नऊ नंबर, सगळ्यांत खडकाळ. शोनागने डोळे मिटून घेतले.

"सह्यांआधी कुणाला वाटा बदलायचा असेल तर हात वर करा," जमीन खात्याचे गिल्क्रिस्टसाहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसले. इतर गावांत इथून पुढे संध्याकाळपर्यंत भांडणं चालत.

एकही हात वर गेला नाही. एका कोंबडीवरून वर्षभर अबोला धरणारी माणसं ही! साहेबांनी पुन्हा विचारलं.

"साहेब, चहा गार होतोय. घ्या सह्या," ऊना म्हणाली.

साहेब थक्क होऊन टॉर्मोडकडे बघत राहिले. "आणि तुम्ही? तुम्हाला तरी बदलायचाय?"

"कशाशी बदलू, साहेब? सगळे सारखेच केलेत मी."

दुपारी दोघं नऊ नंबरवर गेली. तीन आठवडे तिथे बेधडक फिरलेला टॉर्मोड हद्दीच्या खुंटीपाशी अडखळला. शोनाग केव्हाच आत पोचली होती.

"अरे, ये की! काय झालं?"

त्याने खुंटीवर हात ठेवला.

"थांब गं जरा. इथे पाऊल टाकायला आता कुणाला विचारायचं नाही, हे आधी डोक्यात शिरू दे."