नापास हेराल्ड

"गाडी विकताना तिचा दोष आधी आपण सांगावा, गिऱ्हाइकाला तो आपणहून सापडला, तर दोष गाडीचा राहत नाही, आपला होतो," असं हरिहर गद्रे एकदा म्हणाले होते. त्या वेळी नवाब तांबोळीनं आदरानं मान डोलावली, कारण तेव्हा विकायला काही नव्हतं.

तेव्हा चिखलीतल्या नवाबच्या पत्र्याच्या शेडमध्ये हेराल्ड नुसती पडून होती. साठच्या दशकातली उघड्या टपाची गाडी, पण टप गेलेला, तळ गेलेला, आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगांत एका मांजरीनं दोन पिढ्या वाढवलेल्या. नवाबनं ती भंगाराच्या भावात घेतली होती आणि कापायला गॅस पेटवला होता. गद्रे आपल्या स्कूटरचा पोचा काढून घ्यायला आले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "कापू नका, नवाबभाई. हिचे दोष मोजता येण्यासारखे आहेत."

नवाबला हे वाक्य कळलं नाही, पण आवडलं. गाडी दोघांची अर्धीअर्धी ठरली. लिहूनबिहून काही नाही, चहावर.

गद्र्यांचा उभा जन्म चिंचवडच्या एका कारखान्यात, आलेला माल तपासण्यात गेला होता. माल यायचा, गद्रे बघायचे, माल परत जायचा. जो नट चुकूनमाकून त्यांच्या पसंतीला उतरे, त्याच्यावर ते खिशातल्या पेनानं पिवळ्या रंगाचा एक ठिपका देत. ठिपका दिला म्हणजे तो नट पुढं कुठंही गेला तरी त्याच्यामागं गद्रे उभे. त्या ठिपक्यासाठी पुरवठादार काय काय करत. एकानं हापूसची पेटी घरी पाठवली. गद्र्यांनी ती परत केली, सोबत दोन आंबे डागी असल्याचा शेरा. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते मागं पडतं हे गद्र्यांनी निरोपाच्या भाषणातच सांगितलं. घड्याळ घरी लागलं नाही. पिवळं पेन मात्र शर्टाच्या खिशात राहिलं. काही माणसं निवृत्त होतात तेव्हा फक्त त्यांचा पगार थांबतो.

पुढची दहाबारा वर्षं गद्रे रोज सकाळी शेडवर येत राहिले. नवाब पत्रा ठोकायचा, जोड द्यायचा, घासायचा. गद्रे डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे.

"नवाबभाई, इथं अंगठा अडतोय."

"अंगठाच तासून देऊ का, साहेब?"

मग नवाब पुन्हा घासायला बसायचा. त्याला राग यायचा आणि सवयही लागली होती. हळूहळू गाडी उभी राहिली. सायीच्या रंगाची, लाल सीटांची. टपाचं कापड गद्र्यांनी स्वतः शिवून घेतलं, पण टप कधी उघडू दिला नाही. चिखलीच्या हवेत शेजारच्या शेडांतली लोखंडाची भुकटी असते, ती सीटवर बसेल म्हणून. रविवारी पहाटे स्पाइन रोडवर ते गाडी काढायचे, तीही टप लावून. शुभदाबाई, म्हणजे गद्र्यांच्या पत्नी, एकदा बसल्या आणि म्हणाल्या, "एवढं करून शेवटी रिक्षाच केलीत की हो."

दर ईदेला आणि दर दिवाळीला नवाब म्हणायचा, "साहेब, आता तरी ठिपका द्या."

"अजून नाही."

"काय राहिलंय?"

गद्रे सांगायचे. नेहमी काहीतरी राहिलेलंच असायचं.

मग शेडची जागा मालकानं बिल्डरला विकली. दिवाळीच्या आत शेड रिकामी करायची होती. नवाबनं मोशीला एक गाळा बघितला. गाळा लहान होता. तिथं हेराल्ड मावली असती, पण मग नवाबला बाहेर बसावं लागलं असतं. शिवाय गाळ्याची अनामत भरायची होती ती हेराल्डमधल्या त्याच्या अर्ध्या हिश्श्यातून. गाळामालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता. गद्र्यांच्या सोसायटीत त्यांच्या नावावर एका स्कूटरपुरती जागा. म्हणून विकायचं ठरलं. गद्र्यांनी हरकत घेतली नाही. ते फक्त म्हणाले, "चालवणाऱ्याला देऊ. शोभेला ठेवणाऱ्याला नको."

पहिलं गिऱ्हाईक मारुंजीहून आलं. वरद आणि अनुया, दोघं हिंजवडीत नोकरीला, दोघांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र शनिवारीही. अनुया गाडी बघून "अय्या!" म्हणाली. नवाबला वाटलं, झालं काम. पण गद्र्यांनी टॉर्च काढला.

"इथं वाकून बघा. हा जोड मूळचा नाही. तिसरा गिअर कधीकधी आपोआप निसटतो. पावसात टप डाव्या कोपऱ्यात गळतो, म्हणजे तुमच्या मिसेसच्या गुडघ्यावर. आणि हळू चालवली की तापते."

वरद टॉर्चच्या उजेडात वाकला. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर गृहकर्ज आठवल्यासारखं काहीतरी होतं.

"काका, तुम्हाला नक्की विकायचीये ना?"

"अर्थात," गद्रे म्हणाले. "म्हणून तर सांगतोय."

ते दोघं विचार करून कळवतो म्हणाले. त्यांच्यानंतर तळेगावचे एक डॉक्टर आले, निगडीचा एक कॅटरर आला. टॉर्च सगळ्यांसाठी सारखाच होता. नवाबच्या घरी ताहेरानं पोळ्या लाटता लाटता निकाल दिला. "ती गाडी जायची नाही. तुमचे साहेब गाडी विकत नाहीयेत, गिऱ्हाईक नापास करतायत."

नवाबला हे पटलं, आणि पटलं म्हणून झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गद्र्यांना समोर बसवलं. "साहेब, आज निघोज्याहून माणूस येणारे. महिना संपत आलाय. आज तुम्ही एकही दोष सांगायचा नाही."

"विचारलं तर?"

"विचारलं तर चहाचा घोट घ्यायचा."

"आणि चहा संपला तर?"

"साहेब, तुमच्यासाठी आज पातेलं ठेवलंय."

निघोज्याचा माणूस म्हणजे अजिंक्य येळवंडे. पांढरे बूट, पांढरी पँट, तिशीतला. वडिलांची जमीन कंपन्यांत गेली, पैसा आला, आणि त्या पैशातून अजिंक्यनं मंडप, डीजे, घोडा आणि आतषबाजी असा एकत्रित धंदा काढला होता. चाकणच्या पट्ट्यात त्याच्याशिवाय लग्न लागत नाही, असं तोच सांगत होता.

"नवाबभाई, एक नंबर पीस हाय राव!" त्यानं बॉनेटवर थाप मारली. गद्र्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. "काका, तुमी बनवली? हात दाखवा. सोन्यानं मढवले पायजेत."

स्तुतीपुढं गद्र्यांचं काही चालत नसे. त्यांनी कप खाली ठेवला. नवाबनं डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

"तिसरा गिअर निसटतो," गद्रे म्हणाले.

"वरातीत तिसरा गिअर टाकतो कोण, काका?"

गद्रे थांबले. "वरात?"

"मंग? घोड्यावर बसायला आजकालची पोरं भेतात. मागल्या म्हैन्यात एक नवरदेव खाली आला, हात मोडला, तशीच सप्तपदी. आता उघडी गाडी. मागं उंचावर नवरा-नवरी, पुढं डीजे. वाढदिवसालाबी जाईल. आमच्याकडं भाऊ लोकांचे वाढदिवस बारा म्हैने असतात."

"पावसात गळतो टप," गद्रे जरा घाईनं म्हणाले.

"टप लावायचाच न्हाई."

"हळू चालवली की इंजिन तापतं."

"बंद करायचं. ढकलायला पोरं हायती. नाचून दमली की ढकलतात, ढकलून दमली की नाचतात."

"वेग दाखवणारा काटा लटपटतो."

"वेगच न्हाई तर काटा कशाला दाखवील?" अजिंक्य मनापासून हसला. "आमाला पळवायची न्हाई काका, मिरवायची हाय."

नवाब बघत राहिला. इतक्या वर्षांत गद्र्यांनी काढलेला एकही दोष असा हवेत विरघळताना त्यानं पाहिला नव्हता. गद्र्यांच्या कपाळावर घाम आला होता. ज्या दोषांनी डॉक्टर पळाला, ते या माणसाच्या दारात येऊन सोयी होत होते. नवाबला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, मोशीच्या गाळ्याचं शटर त्याला वर जाताना दिसलं. पण शटरच्या आत कोण बसणार होतं आणि कोणाचा अंगठा कशावर अडणार होता, ते त्याला नीट दिसेना.

मग गद्र्यांनी जे केलं ते त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच केलं. ते गाडीचं कौतुक करू लागले.

"अहो, ही मिरवायची गाडी नाही," ते उठून उभे राहिले. "ही धावायची गाडी आहे. रस्त्यावर काढा, इंजिनचा आवाज शिवणयंत्रासारखा. शेजारचा माणूस कुजबुजला तरी ऐकू येतं."

"आवाज न्हाई?" अजिंक्यचे डोळे चमकले. "मंग डीजेला मोकळं रान!"

"आणि वळणं! इतक्या कमी जागेत वळते, की लांबलचक गाड्यांना लाज वाटावी. ही या शेडमध्ये जागच्या जागी फिरवता येते."

"खरं सांगताय? आमच्या आळीत मारुतीच्या देवळापाशी कुठलीच गाडी वळत न्हाई. दर वरात तिथं अडकती. त्याच्यापायी दोन भांडणं झाली माझ्यादेखत."

गद्रे आता थांबायला हवे होते. नवाबनं पातेल्यातला चहा पुढं केला. गद्र्यांनी तो बाजूला सारला. "हे बघा," ते म्हणाले आणि खिटी काढून त्यांनी गाडीचं पुढचं अख्खं तोंड वर उचललं, दिवे-मडगार्डसकट. आत इंजिन स्वच्छ, देवघरातल्या समईसारखं. "असं इंजिन कुणी दाखवतं का? हे चालवणाऱ्याच्या हातात गेलं पाहिजे."

अजिंक्य बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "ह्याच्यात फुलं भरायची. नवरी आली की तोंड उघडायचं. गुलाबाच्या पाकळ्याच पाकळ्या. वरून धूर." त्यानं नवाबचा हात धरला. "भावा, आपलं फोनवर जे बोलणं झालंय त्याच्यावर मी आणखी देतो. पण ही दुसऱ्याला दावू नगा. काकांनी एवढं खुलून सांगितलं म्हणून. न्हाईतर मी नुसताच बघायला आल्तो."

शेजारी कुणीतरी लोखंड कापत होतं.

गद्रे काही वेळ उघड्या इंजिनाकडं बघत राहिले. "म्हणजे तुमचं काम एवढंच," ते म्हणाले. "गावातल्या गावात. चालत्या माणसाच्या वेगानं. टप काढून."

"एवढंच, काका."

कारखान्याच्या भिंतीवर एक वाक्य रंगवलेलं होतं. नवाबनं कारखाना पाहिला नव्हता, पण वाक्य त्यानं गद्र्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं: ज्या कामाला वस्तू घेतली त्या कामाला ती उतरली, की ती चांगली. आपलं मत विचारलेलं नाही. हे शेवटचं गद्र्यांनी स्वतः जोडलेलं होतं.

गद्र्यांनी पुढचं तोंड खाली केलं, खिटी लावली. टपाच्या कड्या एकेक करून सोडल्या आणि टप मागं घडी घातला. नवीन कापडाला घडीची सवय नव्हती, ते करकरलं. पत्र्याच्या भोकांतून ऊन लाल सीटवर पडलं. अजिंक्य लगेच मागं चढून बसला, दोन्ही हात हलवून समोरच्या रिकाम्या ड्रमांना अभिवादन केलं आणि स्वतःचा फोटो काढला.

गद्रे मात्र गाडीभोवती फिरत होते. हॉर्न दाबला. ब्रेक दाबून पाहिला. चाकांचे नट हातानं चाचपले. मग खिशातून ते पिवळं पेन काढलं आणि दाराच्या बिजागरीपाशी वाकले.

"काका काय करतायत?" अजिंक्यनं विचारलं.

"पास करतायत," नवाब म्हणाला.

गद्र्यांनी पेन कानाशी धरून हलवलं. आतली गोळी खुळखुळली. त्यांनी टोक बिजागरीवर दाबलं. काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं, फिरवलं, थुंकी लावून पाहिली. पत्र्यावर एक ओला गोल उमटला आणि वाळला.

"थांबा साहेब, थांबा," नवाब म्हणाला. "पिवळा डबा आहे माझ्याकडं. रिक्षाच्या पट्ट्यांचा." तो मागच्या मांडणीकडं धावला. डबे उलटेपालटे केले. झाकण गंजून चिकटलं होतं, ते पान्यानं ठोकून काढलं, काडी बुडवली आणि ती पिवळी टपकती काडी तळहातावर झेलत परत आला.

पेन टोपण लावून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलेलं होतं. किल्ली जागेवर होती. अजिंक्य फोनवर कुणाला तरी मारुतीच्या देवळापाशी आता काय होणार ते सांगत होता.

"साहेब, ही घ्या काडी," नवाब म्हणाला.

गद्र्यांनी वळून पाहिलं नाही. पुढं डीजे वाजत असावा आणि मागून गर्दी ढकलत असावी अशा चालीनं, जिनं हेराल्ड यापुढं जन्मभर चालणार होती, ते शेडच्या फाटकाबाहेर गेले.