डिस्चार्ज

ड्युटी संपवून चहाला बसलो की आम्हा नर्सबायकांच्या गप्पा फिरून वॉर्डावरच येतात. मिरजेत इतकी वर्षं काढल्यावर किस्से साठणारच. माझे बरेचसे एकाच शब्दाचे आहेत, डिस्चार्ज!

जखमेतून पू आला तरी डिस्चार्ज, मोबाईलची बॅटरी संपली तरी डिस्चार्ज, पेशंट घरी निघाला तरी डिस्चार्ज. आमचे मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "मूळ अर्थ गाडीतलं ओझं उतरवणं."

मी म्हटलं, "सर, आपण उतरवतो. पुढं उचलतं कोण?"

डॉक्टर पुढच्या कॉटकडे वळले.

*

साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. घरी जायचा कागद हातात घेऊन म्हणाले, "पलटणीतनं डिस्चार्ज झाला तवा लय रडलो हुतो, सिस्टर. आज हसू येतंय."

आणि जुन्या सवयीनं त्यांनी ताडकन सॅल्यूट ठोकला. टाके ओढले गेले आणि सुभेदार पुन्हा कॉटवर बसले.

*

शनिवारी घरी जायला कुणी तयार नसतं. विश्रामबागेतले एक विज्ञानाचे प्राध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझा विश्वास नाही हो. पण आईला शनिवारी नको वाटतं."

आई कॉटवर गाढ झोपलेली होती.

*

आमच्या वॉर्डाचीही एक रीत आहे. घरातून निघताना 'जाते' म्हणणं अशुभ, म्हणून सगळे 'येते' म्हणतात. दवाखान्यात मात्र उलटं. इथं परत कुणी येऊ नये. कुणी 'येते' म्हणालं की मी दारात अडवून 'जाते' म्हणायला लावते. यात मी फार कडक आहे.

कवठे महांकाळकडच्या बाळाबाईंचा जन्म मेंढरांमागं गेला होता. तीन आठवडे दाराजवळच्या कॉटवरून त्या माझी ही अडवणूक बघत होत्या. आता उपाय उरला नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगितलं होतं. बाळाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

"कागद मिळाला. म्हंजी मी बरी झाले न्हवं?" त्यांनी विचारलं. मुलगा पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा बांधत राहिला. मी त्यांचा पदर नीट करत बसले.

व्हीलचेअर दारात आली. बाळाबाईंनी हात वर करून ती थांबवली आणि शहाण्या मुलीसारखं म्हणाल्या, "जाते गं, सिस्टर."

मी दार अडवलं.

"आजी, येते म्हणा."