तव्यावरची तार

फक्रुद्दीन मिस्त्रीचा उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडला, तेव्हा शिवाजी पेठेतलं त्याचं जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरायचं दुकान आता बंद पडणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. पण त्याची बायको सलिमा मांडी घालून बसली आणि तारेचे वेढे घालायला शिकली. मिस्त्री डाव्या हातात मीटर घेऊन खुर्चीवर बसायचा आणि निकाल द्यायचा. नवरा म्हणून माणूस चांगला, पंच म्हणून मात्र महाकडू.

सलिमानं भरलेली पहिलीच मोटर त्यानं फोडायला, म्हणजे छिन्नीनं तार कापून पुन्हा भरायला, लावली होती. गिऱ्हाईक घाईला आलेलं, त्याच्यादेखत म्हणाला, "बारीक तार घातलीस." तिनं मान खाली घालून छिन्नी उचलली होती. तो अपमान ती विसरली नव्हती.

आज पुन्हा तेच. राधानगरीकडच्या उदयसिंहाच्या डेअरीत दूध थंड करणारी मोटर जळाली होती. गावचं सकाळचं दूध बर्फावर कसंबसं तग धरून होतं. व्हार्निश पाजून वाळवायला ठेवलेली मोटर भट्टीतून नुकती बाहेर काढली होती, हात लावला तर चटका बसत होता. उदयसिंह टेम्पो चालू ठेवूनच दारात उभा होता.

मिस्त्रीनं तारेचा रोध मोजायला मीटर लावलं. असल्या मोटरीला सव्वातीन ओहम यायला हवेत, हे त्याला पाठ होतं. आले चार. तार बारीक असली की आकडा असा वाढतो.

"फोड," तो म्हणाला. "तार बारीक हाय. लोड आला की परत जळंल."

"तार मी मापून घातलीय."

"मग मीटर खोटं बोलतंय व्हय?"

उदयसिंहाचा आवाज चढला. "भाभी, फोडायची म्हंजे दूध गटारात की. काय ते एकदा सांगा."

सलिमाचा हात छिन्नीवर गेला आणि तिथंच थांबला. आपण चुकलो असलो तर दूधही जाणार आणि दुकानाचं नावही. पण मिस्त्रीचा शिरस्ता तिला आठवला. भट्टीतली मोटर तो संध्याकाळी काढून ठेवायचा आणि मोजायचा दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे त्याला पाठ असलेला आकडा गार मोटरीचा. ही तर भाजत होती.

तिनं रिळावर उरलेल्या तारेचं भेंडोळं काढलं, मीटरच्या पिना त्याच्या दोन टोकांना लावल्या, आकडा मिस्त्रीला दाखवला. मग शेगडी पेटवून तवा ठेवला आणि भेंडोळं त्यावर टाकलं.

आकडा वर चढू लागला. तिनं भेंडोळं चिमट्यानं उचलून फरशीवर ठेवलं, तसा आकडा हळूहळू खाली आला.

"तार तीच हाय," ती म्हणाली. "तापली की जास्त दावती."

दोन्ही पंखे मोटरीवर लावले. उदयसिंह घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. मिस्त्री पुन्हा पुन्हा मीटर लावत होता. चाराचे पावणेचार झाले, मग साडेतीन, आणि मोटर अजून कोमट होती.

"न्ह्या," मिस्त्री कसाबसा म्हणाला.

टेम्पो गेला. सलिमा छिन्नी जागेवर ठेवायला वळली आणि थबकली.

"माझी पयली मोटर बी तुम्ही अशीच गरम मोजलीती."

मिस्त्रीनं हातातलं मीटर तिच्या पुढ्यात ठेवलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं.