शिवलेला अर्ज

आत्याला वाचनाची आवड नव्हती. लोकांना याची गंमत वाटायची, कारण गेली चाळीस वर्षं तिने पुस्तकांशिवाय दुसऱ्या कशाला फारसा हात लावला नव्हता. पुस्तक हातात आलं की ती आधी ते मिटलेलंच बघायची. पाठ, कडा, कोपरे. मग मधोमध उघडून त्यात नाक खुपसायची आणि निकाल द्यायची, "सरस हलका वापरलाय. दोन वर्षांत पानं हातात येतील." गोष्ट कशाची आहे असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "ते लेखकाचं खातं. मी त्यात पडत नाही."

बाइंडिंगचं दुकान तिच्या वडिलांचं. वडिलांनंतर भाऊ मालक झाला, भावानंतर भाचा. पाटीवरची नावं बदलली, पण मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी असलेलं बुटकं स्टूल आत्याचंच राहिलं. समोर शिलाईची लाकडी चौकट, उजव्या हाताला दाभण आणि मेणाचा गोळा, डाव्या हाताला खळीचं भांडं. भाचा तिला आत्या म्हणायचा म्हणून प्रबंध बांधायला येणारे विद्यार्थीही आत्या म्हणायचे, कोर्टाचे कारकूनही म्हणायचे, आणि एक निवृत्त प्राध्यापक होते, ते तर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असून म्हणायचे.

दुरुस्तीला आलेलं जुनं पुस्तक उसवायचं काम मात्र ती कोणाला देत नसे. पाठीवरचं कापड सोलून काढलं, की आत आधीच्या बाइंडरचं सगळं बिंग दिसतं. "हा डावरा होता," ती पुटपुटायची. "याला दोरा पुरला नाही, मधेच जोडलाय. आणि हा कोण शहाणा, मालकावर चिडून शिवत होता." त्या माणसांना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशी ती त्यांच्याबद्दल बोलायची.

म्हणून युरोपात नोकरीला गेलेल्या भाचीचा फोन आला तेव्हा जे झालं ते झालं.

"आत्या, बसली आहेस का?"

"मी कायम बसलेलीच असते. बोल."

"इथल्या जुन्या ग्रंथालयात एक पुस्तक उसवणार आहेत. साडेतीनशे वर्षांचं. लोकांसमोर, एक आठवडाभर. कोणीही जाऊन बघू शकतं. मला तुझीच आठवण आली."

आत्याने हातातलं दाभण खाली ठेवलं. मग म्हणाली, "आधी कधी उसवलंय का ते?"

"नाही. पहिल्यांदाच."

"म्हणजे बांधणाऱ्यानंतर आत कोणी पाहिलेलंच नाही."

"नाही."

"मला बघायचंय," आत्या म्हणाली. आयुष्यात तिने काही मागितल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं, त्यामुळे भाच्याने हातातला पुठ्ठा खाली ठेवला आणि नीट वळून तिच्याकडे पाहिलं.

व्हिसाचं काम भाचेसुनेने अंगावर घेतलं. ती विमा कंपनीत कामाला होती, फॉर्मला घाबरत नसे. लॅपटॉप उघडून ती आत्याच्या समोर बसली.

"वैवाहिक स्थिती?"

"सुखाची."

"तसा पर्याय नाहीये. अविवाहित लिहिते. प्रवासाचा हेतू?"

"पाठ बघायची आहे."

"कोणाची?"

"पुस्तकाची."

"आत्या, असं लिहिलं तर त्यांना वाटेल आपण थट्टा करतोय. पर्यटन टाकते."

"टाक. पण सोबत पत्र जोडायचंय ना, त्यात खरं लिही."

पत्रात खरं लिहिलं. शेवटी एक मुद्दा अडला: अर्जदार परत येणारच, हे पटवून द्यायचं होतं. भाचेसून म्हणाली, लोक घर दाखवतात, नवरा-मुलं दाखवतात, तुमच्या नावावर यातलं काहीच नाही. आत्याने मागच्या खोलीकडे हात केला. "तिथे चौतीस प्रबंध अर्धवट शिवून पडलेत. ते तसे टाकून कोण राहील तिकडे?" भाचेसुनेला हसू आलं, पण तिने ते लिहिलं. शब्द जरा बदलले, आकडा तोच ठेवला.

खरी अडचण तारखेची होती. पुस्तक उसवायला अजून पाच आठवडे होते. व्हिसाला लागणार दोन-तीन आठवडे. आणि अर्ज द्यायच्या केंद्रात अख्ख्या महिन्यात एकच वेळ रिकामी दिसत होती, येत्या मंगळवारी साडेदहाची. त्यानंतरची थेट दीड महिन्याने.

"हा मंगळवार हुकला तर संपलं," भाचेसून म्हणाली. "मग पुस्तक तुमच्याशिवाय उसवतील."

शनिवारी ती आणि भाचा तिच्या माहेरी दोन दिवसांसाठी गेले. जाताना तिने सगळे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आत्याच्या हाती दिले. फॉर्म, पत्र, भाचीचं निमंत्रण, विमा, तिकिटाचं बुकिंग, बँकेचे उतारे, दुकानाचे दाखले. एकूण त्रेचाळीस पानं. वर केंद्राने दिलेली यादी.

रविवारी दुपारी आत्याने फोल्डर उघडला. सुटी पानं मांडीवरून घसरली. तिला ते बघवेना. सुटे कागद घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं म्हणजे केस न विंचरता लग्नाला जाण्यासारखं. तिने चष्मा लावून यादी वाचली. सातव्या ओळीत लिहिलं होतं: स्टेपल केलेले कागद स्वीकारले जाणार नाहीत.

"बरोबर आहे," ती रिकाम्या दुकानाला म्हणाली. पिन मारणाऱ्यांना ती बाइंडर समजतच नसे. कागदाची कदर असलेली माणसं दिसतात तिकडे. मग त्यांच्याकडे जाताना आपलंही काम तसंच पाहिजे.

तिने एकाही पानाला भोक पाडलं नाही. प्रत्येक पानाच्या कडेला पातळ कागदाची पट्टी पातळशा खळीने चिकटवली, पट्ट्या एकात एक घड्या घालून बसवल्या आणि शिलाई फक्त त्या पट्ट्यांमधून घातली. मेण लावलेला दुहेरी दोरा. मग पुठ्ठा, त्यावर गडद निळं कापड, आणि पाठीवर सोनेरी ठशांनी एकच शब्द: अर्ज. सोमवारभर तो दाबाखाली ठेवला. मंगळवारी सकाळी फोल्डरमध्ये सरकवला आणि फोल्डर पिशवीत.

माहेराहून परतलेल्या भाचेसुनेने घाईत विचारलं, "कागद सगळे घेतलेत ना? क्रमाने?"

"एकही हलणार नाही," आत्या म्हणाली.

केंद्र एका उंच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर होतं. अर्जदाराशिवाय कोणाला आत सोडत नव्हते, म्हणून भाचा खालीच थांबला. दाराशी सुरक्षारक्षकाने पिशवी तपासली आणि तिची छोटी सुरी बाहेर काढली.

"हे काय?"

"माझं सहावं बोट आहे असं समजा."

"मग ते बोट इथे ठेवून जा. जाताना मिळेल." त्याने तिला बिल्ला दिला.

तिचा नंबर लागायला पावणेअकरा वाजले. काउंटरवर भाचीच्या वयाची एक मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, आवाज सकाळपासून तेच तेच बोलून सपाट झालेला. तिने फोल्डरमध्ये हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं. पाठ वाचली. उलटं करून पाहिलं.

"अर्ज कुठे आहे?"

"तुझ्या हातात."

मुलीने उघडलं. पहिल्या पानावर फॉर्म, दुसऱ्यावर फॉर्म. बोट सोडलं तरी पान मिटलं नाही.

"सपाट उघडतो," आत्या म्हणाली. "आतल्या बाजूची अक्षरं दबत नाहीत. फोटोचं पान जरा जाड होतं, तिथे पट्टी रुंद ठेवलीय."

"मॅडम, आम्हाला कागद सुटे लागतात. एकेक पान मशीनमधून जातं."

"यादीत लिहिलंय, पिन नको. यात पिन कुठे आहे ते दाखव."

मुलीने खरोखर शोधली. पाठ चाचपली, कडेने नख फिरवलं. "पिन नाही," तिने कबूल केलं.

"मग?"

मुलगी पुस्तक घेऊन आत गेली. काचेपलीकडे एक टायवाला गृहस्थ पुस्तक उघडमीट करताना दिसला. दोनदा उघडलं, दोनदा मिटलं, मग नकारार्थी मान हलवली. मुलगी परत आली तेव्हा तिचा आवाज पहिल्यासारखा सपाट राहिला नव्हता.

"सुटे कागद द्या, नाहीतर नवीन वेळ घ्या, असं सर म्हणताहेत. हे काउंटर सव्वाअकराला बंद होतं. तुमच्याकडे वीसेक मिनिटं आहेत."

"कात्री दे."

"इथे कात्री ठेवायला परवानगी नाही."

आत्याने दाराकडे पाहिलं. रक्षकाने लांबूनच मान हलवली. सहावं बोट मिळणार नव्हतं.

मग ती काउंटरशेजारच्या खुर्चीत बसली आणि पुस्तक मांडीवर पालथं घेतलं. चाळीस वर्षांत तिने हजारभर पुस्तकं उसवली असतील, पण ती सगळी दुसऱ्यांची. स्वतःचं पुस्तक उसवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आणि फाटू नये म्हणून आपण किती मेहनत घेतो हे तिला आत्ता कळत होतं. कापड सुटेना. नख मोडलं. तिने पाण्याच्या बाटलीत पदराचं टोक बुडवलं आणि पाठीवरून फिरवलं, एकदा, दोनदा. चौथ्यांदा कोपरा उचलला गेला.

"गाठ कुठे आहे?" मुलगी काचेवरून वाकून बघत होती.

"खालून दुसऱ्या टाक्यापाशी. मी नेहमी तिथेच मारते."

"कळणार कसं नाहीतर?"

"नसतंच कळलं."

गाठ दातांनी सोडवली. दोरा एका दमात ओढला तसा तो सळकन बाहेर आला आणि अर्ज मांडीवर पसरला. आता राहिल्या पट्ट्या. ओलं बोट कडेने फिरवायचं, दहा मोजायचे, पट्टी सोलायची. पान मुलीकडे. मुलगी ते घेऊन मशीनमध्ये सरकवायची आणि पुढच्यासाठी हात पसरायची. बाराव्या पानापर्यंत दोघींचा ठेका जमला.

"इतकं करून शिवलं कशाला?" मुलीने विचारलं.

"सुटं आणलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"काहीच नाही. घेतलं असतं."

"तेच."

पत्राचं पान आलं तेव्हा मुलगी थांबली. पान तिने मशीनमध्ये घातलं नाही, वाचलं. "फक्त हे बघायला जाताय? पुस्तक आतून?"

"हो. पट्टी धर, भिजलीय ती."

"आत काय असेल?"

"ते माहीत असतं तर मी इथे दातांनी दोरे सोडवत बसले असते का?"

रक्षक आता दार सोडून दोन पावलं आत आला होता. "सहा मिनिटं," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "पाच."

त्रेचाळिसावं पान मशीनमधून गेलं तेव्हा सव्वाअकराला मिनिटभर कमी होतं. बोटांचे ठसे घ्यायला गेली तर यंत्र लाल दिवा दाखवत राहिलं. बोटांवर खळीचा थर बसला होता. रक्षकाने आपला रुमाल दिला. तिसऱ्या वेळी दिवा हिरवा झाला.

रिकामं निळं कव्हर काउंटरवर राहिलं होतं. "हे मी ठेवू?" मुलीने हळूच विचारलं.

"आत काहीतरी घेऊन दुकानात ये. रिकामा पुठ्ठा मी कोणाला देत नाही."

खाली भाचा फेऱ्या मारत होता. तिचा ओला पदर आणि मोडलेलं नख बघून तो म्हणाला, "भांडण झालं की काय?"

"उसवाउसवी झाली," आत्या म्हणाली आणि त्याच्या मागे स्कूटरवर बसली.

पुढचे अठरा दिवस ती प्रबंध शिवत राहिली. चौतिसातले एकतीस हातावेगळे केले. दारात कुरिअरवाला दिसला की दाभण थांबायचं, तो दुसऱ्या दुकानात शिरला की चालू व्हायचं. एकोणिसाव्या दिवशी तो याच दुकानात शिरला. भाचेसुनेने पाकीट फोडलं, पासपोर्टाची पानं उलटली आणि बोट ठेवलं. बारा दिवसांचा व्हिसा.

"फक्त बारा," भाचा म्हणाला.

"तीन प्रबंध उरलेत," आत्या म्हणाली. "बारा खूप झाले."

ग्रंथालयातल्या त्या खोलीत पंधरा-वीस माणसं दोरीच्या अलीकडे उभी होती. पलीकडे टेबल, दिवा, आणि करड्या ॲप्रनमधली एक बाई, जवळपास आत्याच्याच वयाची. तिने पातळ पात्याने चामडं इतकं हळू उचललं की बघणाऱ्या दोघा-तिघांनी कंटाळून फोन काढले. आत्या दोरीवर ओणवी झाली होती. भाचीने तिचा दंड धरून ठेवला होता.

चामडं बाजूला झालं. घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या पाठी एकाखाली एक दिसायला लागल्या, आणि त्यांच्यावरून जाणारा तपकिरी दोरा. आत्याचे डोळे बारीक झाले. तिने खालून वर मोजलं. मग वरून खाली.

"तिला विचार," ती भाचीला म्हणाली, "मधल्या गठ्ठ्यांत दोरा अर्धाच जातोय का?"

भाचीने घाबरत घाबरत विचारलं. ॲप्रनवाली बाई थबकली. भिंग लावून तिने पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग मान वर करून भाचीकडे नाही, आत्याकडे बघितलं आणि होकार दिला.

"म्हणजे काय गं?" भाचीने विचारलं.

"म्हणजे लबाड होता. प्रत्येक गठ्ठा वेगळा शिवायचा, तर याने दोन-दोन एका दोऱ्यात उरकलेत. अर्धी मेहनत वाचवली. वरून कळणार कोणाला?"

"अरेरे. एवढ्या लांब आलीस आणि..."

"अरेरे काय? महिनाअखेर जवळ आली की बाबाही असंच करायचे. मला वाटायचं, ही युक्ती त्यांचीच." आत्या हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. खोलीतली माणसं वळून बघायला लागली. ॲप्रनवाल्या बाईने काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, तुला आणखी काय दिसतंय?"

आत्याने चष्मा पदराला पुसला. बाईने दिवा तिच्या बाजूला वळवला आणि दोरीचा आकडा काढला.

"तिला सांग, जवळून बघून सांगते," आत्या म्हणाली, आणि आत गेली.