गाडीखालचे साडू

माझ्या साडूंनी निम्मे आयुष्य मोटारीत आणि निम्मे मोटारीखाली काढले, असे साताऱ्यात त्यांच्याविषयी कौतुकाने सांगतात. हा हिशेब चुकीचा आहे. मोटारीखाली त्यांचे बारा आणे आयुष्य गेले आणि उरलेल्या चार आण्यांतले दोन मोटार ढकलण्यात गेले. इतका बेफिकीर माणूस सातारा आणि सांगली ही दोन्ही गावे मिळून दुसरा झाला नसेल, आणि मला त्यांचा जितका राग आला तितका सख्ख्या भावाचाही कधी आला नाही. माझ्या बायकोची धाकटी बहीण हौसा त्यांना दिलेली. म्हणजे हे गृहस्थ गाडीखाली चेपून गेले असते तर तो प्रश्न त्यांच्यापुरता राहिला नसता. पांढऱ्या कपाळाने ती आमच्याच दारात येऊन उभी राहिली असती. हा विचार माझ्या डोक्यातून कधी जात नसे. त्यांच्या डोक्यात तो शिरायला जागाच नव्हती, कारण त्या डोक्याच्या वर चार बोटांवर सदैव गाडीचे बूड असे.

लढाईत त्यांनी लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या होत्या. लढाई संपली आणि ते एक जुनी, कापडी टपाची मोटार घेऊन घरी आले. लग्नसराईत वऱ्हाड नेणे, एरवी आजारी माणसाला दवाखान्यात पोचवणे, असा त्यांचा धंदा. नवे सुटे भाग त्या काळात मिळत नसत, म्हणून जुन्यांनाच तार गुंडाळून, चामडे ठोकून दिवस काढायचे. वडूजला जाऊन यायचे म्हटले की वाटेत दोनतीनदा गाडीखाली शिरणे आलेच. शिरण्याला माझी हरकत नव्हती. माझी हरकत होती ती गाडी कशावर उभी आहे याला. जॅक हे यंत्र उचलण्यासाठी असते, धरून ठेवण्यासाठी नसते. तीस मणांची गाडी, तिचा भार एका झिजलेल्या दात्यावर, आणि जॅकचे बूड बघाल तर तळहाताएवढे. जमीन बोटभर दबली की तो कलणार आणि कलला की निसटणार. मला मोटारीतले काही कळत नाही, पण सांगलीत एका अडत दुकानात मी हिशेबनीस आहे आणि रोज माझी गाठ वजनाशी असते. वजन हे कशावर तरी बसल्याशिवाय राहत नाही, एवढे मला कळते.

हे मी त्यांना दर भेटीत सांगे. ते हसून म्हणत, “पाव्हणं, तुमी लय मनाला लावून घेता.” मी विचारले, “लष्करात असंच चालायचं का?” तर म्हणाले, “छ्या. तितं गाडीला लोखंडी घोड्यांचा टेकू लावल्याबिगर कुणाला खाली जाऊ द्येत न्हवतं.” म्हणजे माहिती होती. अज्ञानाची क्षमा करता येते. या माणसाला सगळे ठाऊक होते आणि तरी ते हाताला लागेल त्यावर गाडी टेकवून खाली सरपटत. वडूजला एका लग्नघरातले उखळ त्यांनी उपडे घालून गाडीला लावले, आणि तिकडे बायका हळद कांडायला उखळ शोधत हिंडत होत्या. शिराळ्याला विटांची चवड रचली. वीट भाजलेली, वाजवली तर खणखणणारी, पण तिच्या टोकावर लोखंडाचा भार आला की ती आधी न सांगता फुटते. फुटलीच. साडू पाना आणायला बाहेर आले आणि मागे गाडी धाडकन खाली बसली. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन सत्यनारायण घातला असता. हे मला ती हकिगत गोष्ट सांगावी तशी सांगत होते आणि वर म्हणत होते, “गाडी मला वळखती, पाव्हणं. मी भाईर पडायची वाट बघत थांबली व्हती.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. पुढच्या दिवाळीला सगळ्यांनी हौसाला लुगडे-चोळी केली आणि मी दोन लोखंडी घोड्या केल्या. माझी बायको सबंध पाडवा माझ्याशी बोलली नाही. पण घोड्या पाहण्यासारख्या होत्या. लोहाराच्या दुकानात समोर बसून मी त्या करवून घेतल्या. खाली तीन पाय चांगले फाकलेले, म्हणजे कलायला नको. पायांना पत्र्याच्या रुंद टाचा, म्हणजे मातीत रुतायला नको. उंची कमीजास्त करायला नळीत नळी, आणि आरपार जाणारी बोटाएवढी जाड खीळ. माथ्यावर खोबण, म्हणजे आस त्यात बसला की घसरणार नाही. एकेका घोडीवर सबंध गाडीचा भार पडला तरी वाकू नये, असे लोखंड घेतले. लोहार म्हणाला, निम्म्यानं भागंल की. मी म्हटले, भागणार असेल ते मला नको. साडूंना मी अंगणात उभे करून सगळे समजावले: जमीन सपाट आणि टणक बघायची, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, घोडी आसाखाली द्यायची, पत्र्याखाली नाही, दोन्हींची उंची सारखी ठेवायची, जॅक हळू उतरवून भार घोड्यांवर घ्यायचा, आणि डोके आत घालण्यापूर्वी गाडीला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघायचे. त्यांनी घोड्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “झ्याक झाल्यात,” म्हणाले. मला वाटले, सुटलो.

पुढच्या खेपेस गेलो तर एक घोडी तालमीत पाण्याच्या पिंपाखाली होती आणि दुसरी शेजारच्या शेतकऱ्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला गेली होती. त्यानंतर दोन्हींवर फळी टाकून एका लग्नात आचाऱ्याने पोळ्या लाटल्या. मग भजनी मंडळाला पेटी ठेवायला उंच काही हवे होते. मागायला आलेल्याला नाही म्हणणे त्यांच्या जिभेला येतच नसे. अंगातली बंडी मागितली तर दोन्ही हात वर करून ते उभे राहिले असते. घोड्या सगळ्या गावाच्या उपयोगी पडत होत्या आणि त्यांचा धनी जॅकवर टांगलेल्या गाडीखाली शीळ घालत पडलेला असे. मी संतापून म्हटले, “अहो, त्या मी तुमच्या जिवासाठी केल्या, पोळ्यांसाठी नाही.” त्यावर त्यांचे उत्तर, “तेबी जिवंत मानसंच हायती न्हवं, पाव्हणं.” या माणसाशी वाद घालण्यापेक्षा अडत्याशी भावाची घासाघीस करणे सोपे.

आता गुळाची गोष्ट. वैशाखात ते हौसाला घेऊन सांगलीला आमच्याकडे आले. गाडीच्या मागच्या आसातून तेल गळत होते. आमचे घर दुकानाच्या मागे, आणि मध्ये अंगणात गुळाच्या ढेपी रचलेल्या असतात. सकाळी मी हळदीची पोती चढवायला स्टेशनच्या माल-धक्क्यावर गेलो होतो. घोड्या अर्थात साताऱ्यात कोणाकडे तरी होत्या. साडूंनी जॅकने गाडीचे मागचे अंग उचलले, मागची चाके काढली आणि आजूबाजूला पाहिले. ढेप म्हणजे बूड सपाट, उंची बेताची, सकाळच्या गारव्यात ठोकली तर दगडासारखी. त्यांनी दोन्ही बाजूंना दोन दोन ढेपी लावल्या, वर फळकुटे ठेवली आणि गाडी त्यांवर उतरवली. त्यातही रचलेल्या मालाला भल्या माणसाने हात लावला नाही. बाजूला टाकलेल्या ढेपी घेतल्या. त्या मऊ पाकाच्या होत्या आणि उन्हात पाघळतात, म्हणूनच तर मी बाजूला काढल्या होत्या. इतक्यात रस्त्यावर एका लॉरीवाल्याचे चाक बसले. त्याने जॅक मागितला. यांनी दिला.

दुपारी मी जेवायला आलो तेव्हा अंगणात ऊन रणरणत होते. मला आधी दिसल्या त्या मुंग्या. मग ढेपींच्या कडेने उतरलेला काळपट ओघळ. ढेपी बसक्या झाल्या होत्या, फळकुटे कलली होती, आणि गाडीखाली सावली असते म्हणून पोत्यावर उताणे होऊन माझे साडू झोपले होते. घोरत होते. छाती आणि लोखंड यांच्यात वीतभरही अंतर नव्हते.

ओरडलो असतो तर ते दचकून उठले असते आणि कपाळ आसावर आपटून सगळा डोलारा हलला असता. गाडीला हात लावायची सोय नव्हती. मी दुकानातल्या दोन हमालांना खुणेने बोलावले. तिघांनी मिळून ते झोपले होते त्या पोत्याची टोके धरली आणि हळदीचे पोते ओढावे तसे त्यांना सरळ बाहेर ओढले. उन्हात आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारले, “जेवान झालं व्हय, पाव्हणं?” मी उत्तर देण्यापूर्वी गाडी खाली बसली. आवाजसुद्धा फार झाला नाही. थकलेली म्हातारी टेकते तशी ती टेकली. त्यांच्या उशाशी पाण्याचा पितळी तांब्या होता, तो तिच्याखाली गेला.

मग मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. मालकाचा गूळ, बायकोची बहीण, लष्कर, लोहार, सगळे त्यात आले. साडू खाली मान घालून अंगावरच्या मुंग्या झटकत होते. आवाज ऐकून हौसा बाहेर आली. वाकून तिने गाडीखालून तांब्या ओढून काढला. त्याचे ताट झाले होते. तो तिने दोन्ही हातांत धरून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, “उठा. जेवून घ्या.” एवढेच. मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक परत आला होता. मी दात घासत अंगणात उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर या माणसाने पुन्हा नुसत्या जॅकवर गाडी उचलली. “दोन मिंटाचं काम हाय,” असे मला सांगून ते आत सरपटले. मी तोंडातली राखुंडी थुंकेपर्यंत हौसा घरातून आली. तिने पदर खोचला, त्यांच्या शेजारी एक पोते पसरले आणि तीही गाडीखाली शिरली.

“आगं, तू कुठं?” आतून आवाज आला.

“तुमी हायसा तितं.”

“ह्ये काय येड्यावानी. भाईर हो आदी.”

“का? मला बरं वाटतंय हितं. गार हाय.”

“आगं, गाडीचा काय भरवसा. कवा निसटंल.”

“तुमास्नी वळखती म्हनं. मग मलाबी वळखंल की. घरचीच हाय मी.”

साडू बाहेर आले तसे त्यांना मी कधीच पाहिले नव्हते. चेहरा पांढराफटक, टोपी कुठे, कपाळाला तेल. त्यांनी मागचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी वर धरला, जणू तीस मण ते हातावर तोलणार होते. “हौसा, भाईर ये. तुज्या पाया पडतो.” ती म्हणाली, “टेकू लावा, मग येते.” ते माझ्याकडे वळले. “पाव्हणं, तुमी तरी सांगा तिला.” मी सांगितले. ती म्हणाली, “दाजी, तुमी बोलू नगा. तुमचं ऐकलं असतं त्येंनी, तर मी कशाला हितं पडले असते?” मी दांड्याचे दुसरे टोक धरले. त्याचा उपयोग शून्य होता हे मला त्या क्षणीही कळत होते.

मग मला दांडा सोपवून ते पळाले. कोपऱ्यावर लाकडाची वखार आहे. तिथून बाभळीचे चौकोनी ठोकळे डोक्यावर घेऊन धावत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. हमाल मदतीला धावले तर त्यांना हात लावू देईनात. दोन आडवे, त्यांवर दोन उभे, पुन्हा दोन आडवे, असे दोन्ही बाजूंना त्यांनी ठोकळे रचले, पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक हळूहळू उतरवला. गाडी ठोकळ्यांवर बसली. त्यांनी ती हिसका देऊन पाहिली, एकदा नाही, पाचसहा वेळा. हौसा तेव्हा बाहेर आली, लुगड्याची धूळ झटकली आणि चुलीवर दूध होते म्हणून आत गेली. साडू ठोकळ्यांना टेकून खाली बसले. मला म्हणाले, “लय अवघड हाय वो, भाईर उभं ऱ्हाऊन बघनं.” मी म्हटले, “मी इतकी वर्षं तेच करतोय.”

साताऱ्याला गेल्यावर त्यांनी घरोघर जाऊन घोड्या गोळा केल्या, आणि तालमीतल्या पोरांची बोलणी खाल्ली. हे मला पत्रातून कळले, पण माझा काही विश्वास बसला नाही. म्हणून थंडीत काम काढून मी मुद्दाम साताऱ्याला गेलो. साडूंचे घर माणसांनी भरलेले. सासू, दीर, जावा, पाहुणे, कोणाला कोणाशी दोन शब्द निवांत बोलायची सोय नाही. अंगणात कोणी नव्हते. गाडी घोड्यांवर उभी होती आणि तिच्याखालून चार पाय बाहेर आले होते. दोन तेलकट, दोन जोडव्यांचे.

माझे डोके पुन्हा तापले. भरल्या घरातली सून अशी अंगणात पडते, कोणी पाहिले तर काय म्हणेल? मी बोलणार तेवढ्यात आतून हौसाचा आवाज आला, “यंदा मला म्हायेरला जायाचं न्हाई.”

“का गं?”

“तितं कोन बोलतंय माज्यासंगं इतकं?”

“तो बारका पाना दे,” साडू म्हणाले. पाना वाजला. मग थोड्या वेळाने, “न्हाई तर नगं जाऊ.”

मी पुढे होऊन मडगार्डला हात लावला आणि जोर करून गाडी ढकलून पाहिली. जागची हलली नाही.

“दाजी आलं वाटतं,” हौसा आत म्हणाली.

“कशावरनं?”

“आनी कोन गाडी हलवून बगतंय आपली?” मग मोठ्याने, “वट्ट्यावर बसा, दाजी. आलोच आमी.”

मी ओट्यावर जाऊन बसलो. ऊन अंगावर बरे वाटत होते. ती दोघे बराच वेळ बाहेर आली नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.