मधल्या ठाण्याचा निरोप

मी वायरलेसवाला माणूस. बॅटरी असेल तर सेट बोलतो, नसेल तर तो नुसता डबा... भुताखेतांच्या गप्पा मी कायम हसण्यावारी नेल्या. तरी हे लिहितोय, कारण ते मी माझ्याच कानांनी ऐकलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गिरणेचं पाणी मोजणारी आमची तीन ठाणी. सगळ्यात खालचं धरणगाव तालुक्यात, माझ्याच गावात. तिघांची हजेरी माझ्याकडे. बॅटरी पुरावी म्हणून नियम असा, की कमी पॉवरवर फक्त शेजारच्या ठाण्याशी बोलायचं. वरच्याने मधल्याला सांगायचं, मधल्याने मला. मधल्यावर नाना — माझ्याहून वडील, भारी हौशी माणूस.

श्रावणातला सोमवार, सकाळचे दहा. गावची कानबाई विसर्जनाला नदीवर आलेली. देवी डोक्यावर घेऊन माझी आई गुडघाभर पाण्यात, मागे पन्नासेक बाया नाचतायत. आमच्याकडे लख्ख ऊन. तेवढ्यात सेटवर नानांचा आवाज, नेहमीसारखा खाकरून — "भाऊ, वर पाच फूट पानी वाढनं शे. बठ्ठ्या बायास्ले बाहेर काढ."

मी अनवाणी पळालो. आई ऐकेचना — "कानबाईले अर्धामा सोडू का?" शेवटी देवीसकट तिला उचलून काठावर आणलं. बायांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या, पण आल्या मागोमाग. अर्ध्या तासात त्याच जागेवरून पुरुषभर लाल पाणी गेलं. आई माझा हात सोडेना, आणि मला रडू आवरेना.

संध्याकाळी नाना सायकलवर हजर. मान खाली.

"भाऊ, माफ कर. सेटनी बॅटरी कालदिनपाईन कानबाईना भोंगाले लायेल व्हती. आज मी ठाणावर गयूच नही."

मला थट्टा वाटली. पण दहा वाजता नाना त्यांच्या गावच्या चौकात डफ वाजवत होते, अख्खं गाव साक्षीला.

दुसऱ्या दिवशी बॅटरी जोडून नानांनी वरच्याला विचारलं आणि मला कळवलं — वरच्याने निरोप नानांनाच दिला होता, आणि 'मियना', म्हणजे मिळाला, असं उत्तरही त्याला नानांच्याच आवाजात आलं होतं. वरच्याचा निरोप थेट माझ्यापर्यंत पोचला असेल म्हणावं, तर तेही मी नंतर चारदा करून पाहिलं. नुसती खरखर.

सेटवर नाना नेहमीसारखे खाकरले. मग हळूच म्हणाले, "आवाज मनाच व्हता ना? मंग कालदिननी हजेरी लागी ना मनी?"

मी हसत हसत लावली. कोणाची लावली, ते मला आजही सांगता येत नाही.